चौऱ्याऐंशी चढाया, चार गोल

"आकडा सांगा, मॅडम," घाटगे सर म्हणाले.

जिमखान्याच्या खोलीत सोळा मुलं फरशीवर बसली होती. खुर्ची एकच होती आणि ती मला दिली होती. डोक्यावर दोरीला ओले मोजे लटकत होते. गुरुवार होता, शनिवारी फायनल. मी वही उघडली. आकडे मला पाठ होते, पण मुलांसमोर वहीत बघून सांगितलेलं बरं असतं.

"नऊ सामन्यांत आपण चेंडू समोरच्या डीमध्ये एकशे पंचेचाळीस वेळा नेला. त्यातल्या चौऱ्याऐंशी चढाया चेंडू पायात घेऊन पळत गेल्यानं झाल्या. गोल चार. एकसष्ट पासमधून झाल्या. गोल अकरा."

"शंभरात सांगा. ह्यांना तसं कळत न्हाई."

"पळून गेलं तर शंभरात पाच. पास दिला तर शंभरात अठरा."

कुणीतरी तोंडानं शिट्टी मारली. सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. तिथं भिंतीला टेकून यासीन शिकलगार बसला होता. सात नंबर, उजवी बगल. संघात चेंडू घेऊन पळायचा तो यासीनच, बाकीचे त्याच्यासाठी वाट करून द्यायचे.

"ऐकलं का, शिकलगार?"

"ऐकलं, सर. मी शंभरात पाच."

"पाच म्हणजे नापासच की मर्दा," सेंटर फॉरवर्ड रणधीर माने म्हणाला. "ग्रेस देऊनबी वर येत न्हाईस."

मुलं हसली. यासीनही हसला. घाटगे सर हसले नाहीत. त्यांनी खडूनं फळ्यावर एक रेघ मारली, उजव्या कडेला सात लिहिलं आणि सातापासून आत एक बाण काढला.

"शनिवारी ह्यो बॉल दोन टचात सोडणार. घेतला, दिला. पळायचं न्हाई."

हसणं थांबलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की शनिवारी पुण्याहून सावंत साहेब येणार आहेत. एका सरकारी खात्याच्या फुटबॉल संघासाठी खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा रिकामी होती आणि माणूस निवडायचं काम साहेबांकडे होतं. घाटगे सरांनीच त्यांना पत्र घालून बोलावलं होतं, यासीनला बघायला. यासीनचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये तो वयाच्या अटीबाहेर जाणार होता. म्हणजे ही एकच मॅच.

"सर," रणधीर म्हणाला, "साहेब त्याचं पळणं बघायला येणार हायत. त्यालाच बांधून ठेवलं तर..."

"साहेब जिंकलेल्या टीममधला माणूस उचलतात. हरलेल्या टीमचा पळणारा कोण बघतंय? सांगलीवाले लीगमध्ये ह्याच्या अंगावर तीन-तीन जण घालत होते. तिघांत पळून काय मिळालं? आकडा आहे समोर." मग ते यासीनकडे वळले आणि आवाज खाली आला. "तुझ्याच भल्याचं सांगतोय, बाळा. जिंकलास की जागा तुझी."

"व्हय, सर," यासीन म्हणाला.

मी संख्याशास्त्राची अधिव्याख्याती होते. वय सव्वीस, नोकरी हंगामी. मी मूळची वेंगुर्ल्याची, फुटबॉल कोल्हापुरात आल्यावर पाहिला. जिमखाना समितीत एक महिला प्राध्यापक लागते म्हणून माझं नाव घातलं होतं, कारण नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. पहिल्या मॅचला स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून काय करायचं हे न कळल्यानं मी वही काढली आणि मोजायला लागले. चेंडू समोरच्या डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकटीत, गेला की एक ओळ. पळत नेला तर धावेचा 'ध', पासनं गेला तर 'प'. चढाईत दोन्ही असेल तर काय लिहायचं, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच आला. मी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: डीमध्ये चेंडू ज्या प्रकारानं शिरला, तो प्रकार धरायचा. आधीचं धरायचं नाही. नियम ठरला की शंका राहत नाही, आणि मला शंका राहिलेली आवडत नसे. प्रत्येक ओळीपुढे मी शेवटच्या तीन खेळाडूंचे नंबरही लिहीत होते, पण ते केवळ सवयीनं. त्यांचा उपयोग असा काही ठरवला नव्हता.

पाचव्या मॅचला घाटगे सरांनी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावलं. त्यांना कप जिंकून अकरा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून ते मला प्रत्येक मॅचनंतर चहा पाजायचे आणि आकडा विचारायचे. कॉलेजमध्ये माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारायची ती पहिलीच वेळ होती.

शुक्रवारी दुपारी यासीन आमच्या विभागात आला. तो बी.ए.चा, विज्ञानाच्या इमारतीत कधी आलेला नव्हता. दाराशी चपला काढू लागला.

"अरे, चपला घालून ये. इथं सगळे घालूनच येतात."

"असू दे, मॅडम. एवढी मशिनं हायत." त्यानं टेबलांवरच्या हिशेबयंत्रांच्या रांगेकडे पाहिलं. "ह्याच्यावर आमचं काढलंसा व्हय?"

"नाही रे. तुमचं तोंडीसुद्धा होतं."

"एवढं सोपं हाय आमचं?" तो हसला. मग बाकावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवले. "मॅडम, एक विनंती होती. सर तुमचं ऐकतात. त्यांना म्हणावं, निदान एका हाफला मला पळू दे. पहिल्या म्हणा, दुसऱ्या म्हणा. साहेब एका हाफात बघतील काय बघायचं ते."

"यासीन, माझ्या सांगण्याचा प्रश्न नाही. आकडा तसा आहे."

"ते बी खरंच." त्यानं मान हलवली. "अब्बांना काल सांगितलं, तर ते म्हणाले, मॅडम शिकलेल्या हायत, त्यांनी मोजलंय तर ते खरंच असणार. माझी अम्मी तर म्हणती, बरं झालं, पळायचं न्हाई तर पाय तरी मोडायचा न्हाई."

मी हसले. तोही हसला, पण उठला नाही.

"मॅडम, एक विचारू? कराडच्या मॅचला रणध्यानं गोल टाकला बघा, हेडरनं. मी कडेनं पळत गेलो, चौघं अंगावर आली, आन् मी वरनं बॉल टाकला. त्यो कशात धरला?"

मी पान काढलं. "पासमध्ये."

"आन् त्याच्या आधी मी पळालो ते?"

"आधीचं धरत नाही. डीमध्ये चेंडू पासनं गेला ना? मग पास."

"असं." त्यानं थोडा विचार केला. "बरोबर हाय. बॉल तर पासनंच गेला." तो उठला. "बघा, मला वाटलं होतं ते माझ्यात धरलं असंल. पण एकच गोल एकदा हिकडं आन् एकदा तिकडं कसा धरणार? तुमचं चुकणार न्हाई. येतो, मॅडम. उद्या या, लौकर या, पुढची पायरी मिळती."

तो गेला. मी दार लावून घेतलं आणि साडेपाचपर्यंत खोलीतच बसून होते.

शनिवारी साडेतीनला मॅच होती. मी तीनला पोचले तेव्हा ग्राउंडवर फक्कीच्या रेघा ताज्या होत्या आणि पायऱ्या निम्म्या भरल्या होत्या. कोल्हापुरात फुटबॉलला गर्दी बोलवावी लागत नाही. रिक्षावाले रिक्षा लावून येतात, दुकानदार फळी टाकून येतात. घाटगे सर कडेला उभे होते. मला बघून त्यांनी हात वर केला आणि जवळ आले.

"मॅडम, काल झोपच न्हाई. आकडा पक्का ना?"

"आकडा पक्का आहे, सर."

"बास." त्यांनी माझ्यामागे दोन पायऱ्या वर बोट दाखवलं. जाड चष्म्याचे, पांढऱ्या सफारीतले गृहस्थ शेंगा फोडत बसले होते. "सावंत साहेब."

मॅच सुरू झाली. पहिला चेंडू यासीनकडे आला आणि सवयीप्रमाणे सांगलीचे तिघं त्याच्याकडे धावले. पायऱ्यांवरून आरोळी उठली, "पळ, यास्याऽ!" त्यानं चेंडू थांबवला आणि रणधीरकडे सरकवला. रणधीर मोकळा होता. त्याचा फटका बारवरून गेला.

"बघितलंसा?" घाटगे सर माझ्याकडे वळून ओरडले. "मोकळा होता!"

दुसऱ्यांदाही तिघं आले आणि चेंडू पुन्हा सुटला. सांगलीच्या गोलकीपरनं तो कसाबसा अडवला. तिसऱ्यांदा दोघंच आले. पंधराव्या मिनिटाला त्यांचा कप्तान, एक उंच पोरगा, यासीनपासून चार पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, क्षणभर बघत. मग त्यानं आपल्या माणसांना हातानं खूण केली: आत चला. त्यानंतर यासीनसमोर एकच माणूस उरला आणि बाकीचे रणधीरभोवती जाऊन थांबले. यासीन चेंडू घ्यायचा आणि द्यायचा. जिथं द्यायचा तिथं आता तीन माणसं उभी असायची.

पायऱ्यांवरचे लोक चिडले. "पाय बांधलेत काय रं तुझं?" "यास्या, बस चुकली का?" माझ्या शेजारचा म्हातारा बायकोला सांगावं तसं मला सांगू लागला, "ह्याला काहीतरी झालंय, बाई. ताप हाय अंगात. न्हाईतर असा उभा राहणारा पोरगा न्हाई ह्यो."

मागून सावंत साहेबांचा आवाज आला. ते शेजारच्या कुणाला तरी विचारत होते, "सात नंबर तोच ना? घाटग्यांनी लिहिलं होतं, पळतो म्हणून."

"तोच, साहेब. पळतो की. लई पळतो."

"कधी?"

हाफटाइमला गोल शून्य-शून्य होता. नेहमी एका हाफमध्ये आमच्या आठ चढाया होत. आज माझ्या वहीत पाच ओळी होत्या आणि शेवटच्या वीस मिनिटांतली एकही नव्हती. मुलं गवतावर बसून लिंबू चोखत होती. यासीन उभाच होता, त्याला धापही लागली नव्हती. घाटगे सर पायऱ्यांपाशी आले.

"मॅडम, काय करू? सोडू का त्याला? एका शब्दात सांगा."

मुलं इकडे बघत होती. यासीनही बघत होता, पण माझ्याकडे नाही, सरांकडे.

"सर," मी म्हणाले, "पस्तीस मिनिटांवरून निष्कर्ष काढू नये."

मग परत जाताना त्यांनी दोन बोटं वर केली. दोन टच. यासीननं मान हलवली.

उत्तरार्धात दहाव्या मिनिटाला सांगलीनं गोल केला. आमचा मधला पास त्यांच्या कप्तानानं अडवला आणि सरळ पुढे टाकला. एवढंच. विसाव्या मिनिटाला दुसरा झाला, अगदी पहिल्यासारखा. सावंत साहेब उठले, सफारीवरची टरफलं झटकली आणि खाली उतरताना माझ्याजवळ थांबले. माझ्या वहीकडे बघून त्यांना वाटलं मी स्पर्धेची अधिकृत नोंद ठेवते.

"बाई, सांगलीचा पाच नंबर, तो उंच कप्तान. नाव काय त्याचं?"

मी सांगितलं. त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं आणि फाटकाकडे गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. यासीननंही ऐकला असावा. त्याला पांढरी सफारी कुठं बसली आहे हे पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

पाच मिनिटं उरली असताना त्याला मधल्या रेषेपाशी चेंडू मिळाला. समोर एकच माणूस होता. त्यानं चेंडू थांबवला, एक टच. पुढे ढकलला, दोन. आणि पळाला.

मी त्याला नऊ सामने पाहिलं होतं, पण खरं तर वहीत बघतच पाहिलं होतं. त्या वेळी मी वही मिटून पाहिलं. पहिला माणूस जागच्या जागी राहिला. दुसरा आडवा आला, यासीन त्याच्या बाहेरून गेला, चेंडू आतून. ग्राउंडवर फुफाटा उठला. रणधीरभोवतीचे तिघंही रणधीरला सोडून त्याच्याकडे धावले, हाका मारत, एकमेकांना ढकलत. कोपऱ्यावरच्या झेंड्यापाशी त्यानं वर न बघता चेंडू मागे आत टाकला. रणधीर एकटा उभा होता. त्यानं नुसता पाय लावला.

दोन-एक. सगळं स्टेडियम उभं राहिलं. घाटगे सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. मी वही उघडली आणि नियमाप्रमाणे त्या ओळीपुढे 'प' लिहिलं.

मॅच तशीच संपली.

मंगळवारी यासीन पुन्हा विभागात आला. या वेळी चपला घालूनच आत आला आणि बसला नाही.

"मॅडम, माफी मागायची होती. शेवटी पळालो. सरांनी सांगितलं न्हवतं."

"गोल झाला की रे त्यातून."

"रणध्याचा झाला. पासनं." तो सहज म्हणाला. "बाकी पासच नीट पडले न्हाईत आमचे. आम्हीच कमी पडलो. तुमच्या आकड्याचा दोष न्हाई, मॅडम, मनाला लावून घेऊ नका. सरपण लई गप गप हायत." मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. सावंत साहेबांच्या ऑफिसचा पत्ता होता. "तुम्ही एक पत्र द्याल का? वर्षभरात मी किती पळालो, त्यातनं काय झालं, सगळं आकड्यात. साहेबांनी एकच मॅच बघितली. नऊ मॅचचं कागदावर गेलं तर बघतील. रणध्या म्हणला, आकडा बघितला की साहेब लोक थांबतात."

"देते," मी म्हणाले.

पत्र मी इंग्रजीत टाईप केलं. अर्धं पान झालं. कॉलेजच्या कागदावर जायचं म्हणजे त्यावर घाटगे सरांची सही आणि शिक्का हवा होता. दुपारी मी ते त्यांच्या खोलीत नेलं. यासीन बाहेर पायऱ्यांवर थांबला.

सरांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून ते थांबले.

"हे काय आहे, मॅडम? हे चाळीस?"

"पासच्या एकसष्ट चढाया होत्या, सर. त्यातल्या चाळीस अशा होत्या की आधी यासीन पळाला, माणसं त्याच्या अंगावर गेली आणि मग पास सुटला. नंबर माझ्या वहीत होते, मी ते कधी वेगळे काढले नव्हते. अकरा गोलांपैकी दहा त्या चाळिसांतले."

"म्हणजे नुसत्या पासच्या..."

"एकवीस. गोल एक."

"शंभरात?"

"पाच."

"आन् नुसतं पळून?"

"पाच."

"आन् पळून मग पास?"

"पंचवीस."

त्यांनी चष्मा काढला. बाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचे आवाज येत होते.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी. दुपारी यासीन येऊन गेला, त्यानं कराडच्या गोलाचं विचारलं, त्यानंतर."

"मॅच शनिवारी होती."

"हो."

"मॅचच्या आधी मी विचारलं तुम्हाला. हाफटाइमला विचारलं."

"हो, सर."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"का हो?"

"शुक्रवारी साडेपाचला मी इथपर्यंत आले होते. आत प्राचार्य बसले होते. तुम्ही त्यांना माझी पद्धत समजावून सांगत होता. प्राचार्य म्हणत होते, या बाईंना कायम करायला हवं. मी परत गेले. म्हटलं, सकाळी पुन्हा मोजू. चाळीस ही संख्या लहान आहे, आपण घाई करतोय. आणि शनिवारी सांगायचं तर शुक्रवारी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं."

मग त्यांनी पत्र ओढलं आणि सही केली. शिक्का शाईवर दाबला, कागदावर उमटवला, फुंकर मारली.

"तीस वर्षं बघतोय मी," ते म्हणाले. "तिघं त्याच्या अंगावर जात होते म्हणून रणध्या मोकळा राहत होता. हे मला दिसत न्हवतं असं न्हाई. आकडा आला आन् मी बघायचं थांबलो." त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही. "पत्र साहेबांना जाऊ दे. त्या पाच नंबरला त्यांनी काल बोलावलंय, मला फोन आला होता. ह्याचा उपयोग न्हाई व्हायचा. पण त्याला सांगू नका हे."

"यासीनला?"

"त्याला वाटतंय तो कमी पडला. कमी पडलेला माणूस चार दिवस रडतो आन् दुसरं काम बघतो. हे कळलं तर काय करंल तो? सांगा की. काय करंल?"

त्यांनी कागद सोडला.

यासीन पायऱ्यांवर उठून उभा राहिला. "झाली सही?"

"झाली."

त्यानं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, शिक्का बघितला, मग परत माझ्यापुढे धरलं. "वाचून दाखवा की, मॅडम. मला इंग्रजी कुठलं कळतंय एवढं."

मी पत्र घेतलं. त्यातल्या पहिल्या दोन ओळी, नाव, वर्ग, किती वर्षं खेळला, जशाच्या तशा मराठीत सांगितल्या. मग म्हणाले, "नऊ सामने. चेंडू घेऊन पळत केलेल्या चढाया चौऱ्याऐंशी. गोल चार."

"ह्यात ते धरलंसा का?" त्यानं विचारलं. "म्हणजे मी पळालो आन् मग पास सुटला, ते? कराडसारखं? त्या दिवशी तुम्ही म्हणालात आधीचं धरत न्हाई. पण म्हटलं पत्रात तरी धरलं असंल."

व्हॉलीबॉल उडून आमच्या पायांशी आला. त्यानं तो पायानं उचलून मुलांकडे टाकला, न बघता, आणि माझ्याकडे बघत राहिला.

"धरलं," मी म्हणाले.

"सगळं धरलं?"

"सगळं."

"आन् तरी चारच?"

"चारच."

त्या क्षणी मला ते दयेचं वाटलं होतं. त्यानं मान हलवली, दोनदा. चेहऱ्यावर काही वाईट वाटल्यासारखंही दिसलं नाही. एखाद्याला पत्ता विचारावा आणि तो सापडावा तसा तो मोकळा झाला.

"मग सरांचं बरोबर होतं," तो म्हणाला. "मी उगंच पळत होतो एवढी वर्षं." त्यानं पत्र पाकिटात घातलं, पाकीट शर्टात ठेवलं. "तरी टाकतो पोस्टात. तुम्ही एवढं टाईप केलंय."

पत्राचं उत्तर आलं नाही. जूनमध्ये त्याचं वय उलटून गेलं. मला एप्रिलमध्येच कायम केलं होतं.

पुढे तो शिरोलीला एका फौंड्रीत लागल्याचं रणधीरकडून कळलं. रणधीर तेव्हा पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळत होता आणि त्यांना उजव्या बगलेला माणूस हवा होता. तालमीची चार माणसं यासीनच्या घरी गेली, त्याच्या अब्बांना भेटली, पुन्हा आठवड्यानं गेली. घाटगे सरही एकदा जाऊन आले. तो कुणाला रागावला नाही, सगळ्यांना चहा पाजला.

"काय म्हणतो?" मी रणधीरला विचारलं होतं.

"काय म्हणणार, मॅडम. म्हणतो, माझं मोजून झालंय. मॅडमनी सगळं धरून मोजलंय."